खोक्यावरचा वेग आणि पडद्यावरचा वेग

नवा संगणक घरी आला, की आठवड्याभरात एक प्रश्न हमखास पुढे येतो. जाहिरातीत ४.४ गिगाहर्ट्झ लिहिले होते, मग सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’ पानावर २.५० का दिसते? लॅपटॉप असेल तर तिथे १.३० एवढाच आकडा असतो आणि काळजी आणखी वाढते. रॅम ३२०० ची म्हणून घेतली, पडद्यावर २६६७ दिसते. घरातले कुणी जाणकार सीपीयू-झेड नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर टाकून बघते, तर त्यात १३३३. पैसे पूर्ण मोजले आणि माल अर्धा मिळाला, असे कुणालाही वाटेल.

आमच्या पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर जुना मुंबई-पुणे रस्ता आणि मुंबई-गोवा महामार्ग वेगळे होतात, जेएनपीटी बंदराकडचा रस्ताही इथेच येऊन मिळतो. त्यामुळे वाहतूकदारांची ऑफिसे, गोदामे, हिशेबनीस, दाखल्यांचे अर्ज ऑनलाइन भरून देणारे, असे संगणकावर पोट असलेले लोक परिसरात भरपूर. कुणी पनवेलच्या दुकानातून तयार मशीन घेतो, कुणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवून घेतो, बरेच जण आता घरबसल्या मागवतात. खरेदी कुठूनही होवो, आकड्यांचा गोंधळ तोच. माझे मत आधीच सांगतो. बहुतेक वेळा कुणी फसवलेले नसते, वरचे सगळेच आकडे खरे असतात. पण संगणकाची किंमत एका आकड्यात सांगायची जी सवय दुकानदार, जाहिरातदार आणि निविदा काढणारी कार्यालये यांनी मिळून रुजवली आहे, ती ग्राहकाला चुकीच्या मशीनपाशी नेऊन सोडते.

आधी प्रोसेसर. इंटेलचा कोअर आय-५ १२४०० घेऊ, कारण २०२२ पासून घरगुती आणि ऑफिसच्या जुळणीत तो भरपूर वापरला गेला. त्याचा बेस स्पीड २.५ गिगाहर्ट्झ आणि कमाल टर्बो ४.४. सहाही कोअर सतत कामाला जुंपले आणि चिपने ६५ वॅटच्या मर्यादेत राहायचे ठरवले, तरी मिळेल असा कंपनीचा भरवसा म्हणजे बेस. वीज आणि तापमान यांची मुभा असेल तेवढा वेळ एखाद-दुसऱ्या कोअरला गाठता येणारी कमाल मर्यादा म्हणजे टर्बो. सहाही कोअर एकदम कामाला लागले तर हा प्रोसेसर ४.० पर्यंत जातो, तेही चांगला पंखा असेल तर. ‘अबाउट’ पानावर दिसतो तो नावासोबत नोंदवलेला बेसचा आकडा. संगणक या क्षणी किती वेगाने चालला आहे, हे ते पान सांगतच नाही.

ते बघायचे असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स आणि मग सीपीयू निवडले, की आलेखाखाली ‘बेस स्पीड’ दिसतो. तो २.५० वरून हलत नाही. त्याच्या बाजूला मोठ्या अक्षरांत नुसते ‘स्पीड’ लिहिलेले असते आणि तो आकडा सारखा बदलत असतो. हात जोडून बसलात तर तो बेसच्याही खाली, एकच्या आसपास येतो, कारण काम नसताना वीज जाळण्यात अर्थ नाही. हजारो ओळींची एक्सेल फाइल उघडा, क्षणात तो चारच्या वर जातो. फाइल उघडून झाली, की पुन्हा खाली. विश्वास बसत नसेल त्याने एकदा पाच मिनिटे हा आकडा बघत बसावे, जाहिरातीतला ४.४ कुठे राहतो ते तिथेच दिसते.

लॅपटॉपमध्ये ही तफावत आणखी मोठी असते. आय-५ १२३५यू या प्रोसेसरच्या नावापुढे विंडोज १.३० लिहिते आणि जाहिरात ४.४ सांगते. त्यात दहा कोअर आहेत, पण दोन मोठे आणि आठ छोटे. ४.४ हा आकडा फक्त त्या दोन मोठ्या कोअरचा, छोट्यांची मर्यादा ३.३. या चिपची मूळ वीजमर्यादा १५ वॅट आणि टर्बोची ५५ वॅटपर्यंत. यांतली किती वीज, किती वेळ द्यायची हे लॅपटॉप बनवणारी कंपनी आपल्या डब्याची जाडी आणि पंख्याची ताकद बघून ठरवते. म्हणून अगदी तोच प्रोसेसर असलेले दोन लॅपटॉप शेजारी ठेवले, तर लांबलचक कामात एक दुसऱ्याला बराच मागे टाकू शकतो. हा फरक कुठल्याही स्टिकरवर छापलेला नसतो आणि माझ्या मते लॅपटॉपच्या खरेदीतली सर्वात मोठी लपलेली गोष्ट हीच आहे. पातळ, देखणा लॅपटॉप ज्यांना दिवसभर टॅली आणि ब्राउझर चालवायचा आहे त्यांना चालेल. व्हिडिओ जुळवणाऱ्याने जाड डबाच घ्यावा.

यात आपल्या हवेचाही वाटा आहे. मे महिन्यातला दमट उकाडा, पत्र्याखालचे ऑफिस आणि बाहेरून दिवसरात्र जाणाऱ्या ट्रेलरांची धूळ, असा तिहेरी मार पळस्प्यातल्या संगणकांना बसतो. चिप शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचली, की जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवते. पंख्याच्या जाळीत धुळीचा थर बसला असेल तर ही वेळ लवकर येते. सकाळी ठीक चालणारा लॅपटॉप दुपारी अडखळत असेल, तर विंडोज नव्याने टाकण्याआधी ती जाळी उघडून साफ करावी आणि जुनी झाली असेल तर चिपवरची थर्मल पेस्ट बदलून घ्यावी. चार्जर काढल्यावर वेग पडणे मात्र बिघाड नव्हे. बॅटरी टिकावी म्हणून ती केलेली सोय असते.

गिगाहर्ट्झचा हा सोस आला कुठून? ६ मार्च २००० रोजी एएमडीने एक गिगाहर्ट्झचा अॅथलॉन जाहीर केला आणि दोनच दिवसांत इंटेलने तेवढ्याच वेगाचा पेंटियम थ्री. पुढची चार-पाच वर्षे चुरस फक्त आकड्याची होती. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी सुरू झाले ते याच काळात, २००१ साली. तालुक्यातालुक्यांत संगणकवर्ग निघाले, घरोघरी पहिला संगणक आला आणि ‘पी-फोर आहे, किती गिगाहर्ट्झ?’ असेच एकमेकांना विचारायची पद्धत पडली. पेंटियम फोरची रचनाच मुळी मोठा आकडा गाठण्यासाठी होती. त्याच्या प्रत्येक ठोक्यात होणारे काम कमी असे. एएमडीचा अॅथलॉन एक्सपी १८००+ प्रत्यक्षात १.५३ गिगाहर्ट्झवर चालत होता, तरी १८०० चे नाव लावून विकावा लागला, कारण गिऱ्हाईक आकडाच बघत होते. शेवटी उष्णतेने ही शर्यत थांबवली. वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावे लागते, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत चढतो. २००४ मध्ये इंटेलने चार गिगाहर्ट्झच्या पेंटियम फोरचा बेत सोडून दिला. तो ३.८ वरच थांबला. दोन वर्षांनी आलेल्या कोअर टू ड्युओने १.८६ गिगाहर्ट्झवर चालूनही कितीतरी मोठ्या आकड्याच्या पेंटियम फोरना मागे टाकले. तेव्हापासून वेगवेगळ्या पिढ्यांच्या प्रोसेसरची तुलना गिगाहर्ट्झने करता येत नाही. ही गोष्ट घडून वीस वर्षे होत आली, तरी आपल्याकडची कोटेशने अजून त्याच भाषेत लिहिली जातात.

याचा सर्वात जास्त तोटा जुनी मशीन घेणाऱ्यांना होतो. ‘आय-फाइव्ह, ३.१ गिगाहर्ट्झ’ असे सांगून २०११ सालचा आय-५ २४०० आजही विकता येतो. कागदावर तो १२४०० च्या २.५ पेक्षा सरस दिसतो, प्रत्यक्षात जवळपासही येत नाही. शिवाय विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ काही अपवाद सोडले तर इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली अधिकृतपणे चालत नाही. म्हणजे या मशीनचा वेग बाजूलाच राहिला, त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्याही पूर्वीसारख्या आपोआप मिळत राहणार नाहीत.

नव्या मालातही नाव नीट वाचावे लागते. एएमडीचे रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५४०यू ही नावे सख्ख्या भावांसारखी वाटतात. पहिल्यात २०१९ च्या झेन २ रचनेचे चार कोअर आहेत, दुसऱ्यात झेन ४ चे सहा. खूण तिसऱ्या अंकात आहे: २ म्हणजे झेन २, ४ म्हणजे झेन ४. कंपनीने ही पद्धत जाहीर केलेली आहे, पण दुकानात ती समजावून सांगणारा मला क्वचितच भेटला आहे. ‘रायझन फाइव्ह, सात हजार सिरीज’ एवढ्यावर सौदा होतो. ग्राहकाला असे अंधारात ठेवणारे नामकरण मला पटत नाही, मग ते कितीही नियमात बसत असो.

आता मेमरी, म्हणजे रॅम. इथे गोंधळ जास्त आहे आणि तो सोडवणे मात्र सोपे आहे. डीडीआर रॅम घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते, ठोका चढताना एकदा आणि उतरताना एकदा. म्हणून डीडीआर४-३२०० मधले ३२०० हे सेकंदाला होणाऱ्या फेऱ्या आहेत, दशलक्षांत मोजलेल्या. घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचेच असते. सीपीयू-झेड घड्याळाचा वेग दाखवते, टास्क मॅनेजर फेऱ्या दाखवतो. दोन्ही बरोबर, आणि सीपीयू-झेडचा आकडा निम्मा असायलाच हवा. पूर्वी टास्क मॅनेजर त्या फेऱ्यांपुढे मेगाहर्ट्झ असे चुकीचे एकक लिहायचा. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये विंडोज ११ मध्ये ते बदलून ‘एमटी/एस’, म्हणजे मेगाट्रान्सफर प्रति सेकंद, असे केले. रॅमच्या काडीवर कधी ‘पीसी४-२५६००’ असेही छापलेले असते. एका फेरीत आठ बाइट जातात, ३२०० गुणिले आठ म्हणजे सेकंदाला २५,६०० मेगाबाइट. तीच काडी, तिसऱ्या मापात.

३२०० ची काडी २६६७ दाखवते तेव्हा दोष बहुधा काडीचा नसतो. आय-३ १०१०० किंवा आय-५ १०४०० यांसारखे इंटेलच्या दहाव्या पिढीचे प्रोसेसर अधिकृतपणे २६६६ पर्यंतच रॅम चालवतात. साध्या मदरबोर्डावर रॅम त्या मर्यादेत उतरते. एच६१० चिपसेटच्या स्वस्त बोर्डावर ३६०० ची काडी लावली तर ती ३२०० वर चालेल आणि जास्तीचे दिलेले पैसे वाया जातील. दोन वेगवेगळ्या वेगांच्या काड्या एकत्र लावल्या तर दोघी हळू काडीच्या चालीने चालतात.

याहून मोठ्या आकड्यांच्या, ३६०० किंवा ६००० च्या रॅमची गोष्ट वेगळी आहे. जेडेक ही संस्था रॅमची मानके ठरवते. अनेक काड्यांवर छापलेला वेग मानकापलीकडचा असतो आणि तो मिळवायला बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एएमडीच्या बोर्डावर एक्स्पो चालू करावे लागते. खरे तर हे ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे मानकापेक्षा जास्त वेगाने चालवणे. नुसती काडी लावून संगणक सुरू केला, तर ती मानक वेगावरच चालते. खोक्यावर हे ठळकपणे लिहिले नव्हते म्हणून अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले आणि २०२५ मध्ये कोर्सेअर कंपनीने ५५ लाख डॉलरची तडजोड केली. चूक मात्र कंपनीने मान्य केली नाही. प्रोसेसरच्या बाबतीतही असे झाले आहे. पेंटियम फोरच्या सुरुवातीच्या खरेदीदारांना इंटेलने तडजोडीत प्रत्येकी १५ डॉलर देऊ केले होते. कोअर मोजायचे कसे या वादात एएमडीने २०१९ मध्ये १ कोटी २१ लाख डॉलर दिले. छापील आकड्याचा जाब विचारता येतो, एवढे या दाव्यांवरून दिसते.

फेऱ्यांच्या आकड्याने रॅमची अर्धीच गोष्ट कळते. जेएनपीटीहून फाट्याकडे निघालेल्या ट्रेलरांसारखे आहे हे. तासाभरात किती कंटेनर आले हा एक हिशेब, आणि मागणी केल्यापासून पहिला कंटेनर दाराशी किती वेळाने लागला हा दुसरा. हा दुसरा हिशेब रॅमवर ‘सीएल’ या अक्षरांनी लिहितात. डीडीआर४-३२०० सीएल१६ असेल तर पहिली माहिती साधारण १० नॅनोसेकंदांत हाती येते. डीडीआर५-४८०० सीएल४० ला १६.७ नॅनोसेकंद लागतात. म्हणजे नवी रॅम एकूण माल दीडपट आणते, पण पहिल्या दाण्यासाठी जास्त थांबवते. टायपिंग, बिलिंग, इंटरनेट या कामांत डीडीआर५ मुळे काहीच बदलले नाही असे लोक म्हणतात, त्यामागचे एक कारण हे. चालू डीडीआर४ चे मशीन केवळ रॅमसाठी बदलू नये, असे मी स्पष्ट सांगेन.

त्यापेक्षा टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावरची एक छोटी ओळ बघावी: ‘स्लॉट्स यूज्ड’. तिथे ‘१ ऑफ २’ असेल तर प्रोसेसरकडे माहितीच्या दोन वाटा असून एकच वापरात आहे. १६ जीबीची एक काडी घेण्याऐवजी ८ च्या दोन घेतल्या, तर वहनक्षमता दुप्पट होते. ज्या मशीनमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, तिथे याचा परिणाम डोळ्यांना दिसतो, कारण चित्रेही त्याच रॅममधून जातात. इंटेलच्या अकराव्या आणि बाराव्या पिढीच्या अनेक लॅपटॉपवर ‘आयरिस एक्सई’ असे स्टिकर असते, पण आत एकच काडी असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये तेच ग्राफिक्स नुसते ‘यूएचडी’ म्हणून दिसते. दुसरी काडी बसवली, की नाव बदलते आणि कामही सुधारते. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते, तिथे पुढे वाढवण्याची सोयच नाही. घेण्याआधी हे विचारावेच. १६ जीबीच्या जागी १५.७ किंवा १५.८ वापरायोग्य दिसणे मात्र काळजीचे नाही. उरलेली ग्राफिक्ससारख्या हार्डवेअरसाठी राखलेली असते.

मोठ्या यंत्रांच्या जगात छापील आणि प्रत्यक्ष वेगाचा हा प्रश्न प्रामाणिकपणे हाताळला गेला आहे, आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. पुढे टाटा समूहाच्या पुण्यातल्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जगातल्या पहिल्या पाचशेंच्या यादीत चौथा आला. त्या यादीत प्रत्येक यंत्रापुढे दोन रकाने असतात: कागदावरचा कमाल वेग आणि ठरलेली गणिते सोडवताना मोजलेला वेग. ‘एका’चा कागदावरचा वेग १७०.९ टेराफ्लॉप, मोजलेला ११७.९. म्हणजे साधारण ६९ टक्के. क्रमांक ठरतो तो मोजलेल्यावर. जगातल्या चौथ्या यंत्राला उरलेले ३१ टक्के सांगण्यात कमीपणा वाटला नाही. चाळीस हजारांच्या लॅपटॉपवर दुसरा रकाना का नसावा, याला कुणी पटणारे उत्तर दिलेले माझ्या वाचनात नाही.

पनवेलमध्येच हिरानंदानी समूहाच्या योट्टा कंपनीचे प्रचंड डेटा सेंटर २०२० पासून सुरू आहे. अशा केंद्रांसाठी बनणाऱ्या सर्व्हर प्रोसेसरचे आकडे घरगुती ग्राहकाने एकदा जरूर बघावेत. एएमडीच्या एपिक ७७६३ चा बेस स्पीड २.४५ आणि कमाल ३.५ गिगाहर्ट्झ. घरच्या आय-५ पेक्षा कमी. पण कोअर ६४, आणि रॅमकडे जाणाऱ्या वाटा आठ. ज्यांचा धंदाच वेगावर चालतो, ते पैसे कशावर घालतात ते यावरून कळते.

साठवणुकीच्या डिस्कबद्दल थोडक्यात. हार्ड डिस्क सेकंदाला दीड-दोनशे मेगाबाइट देते, साधी साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास, एनव्हीएमई एसएसडी काही हजार. रोजच्या कामात संगणक ‘स्लो’ वाटतो तो बहुधा हार्ड डिस्कमुळे, प्रोसेसर बिचारा वाट बघत असतो. जुन्या पण आठव्या पिढीपुढच्या मशीनला एसएसडी बसवणे हा सर्वात कमी पैशांतला सर्वात मोठा बदल. आणि दाखल्याचा अर्ज पुढे सरकत नसेल, तर आधी सरकारी सर्व्हर आणि लाइनचा वेग बघावा. १०० एमबीपीएसच्या ब्रॉडबँडमधून सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच येतात, कारण तिथले एकक बिट आहे.

खरेदी करताना म्हणून दुकानदाराकडे किती गिगाहर्ट्झ हे विचारायचे सोडून द्या. प्रोसेसरचे पूर्ण नाव, शेवटच्या अंक-अक्षरासह, मागा. रॅम किती जीबीच्या किती काड्यांत, कोणत्या वेगाची आणि या बोर्डावर ती कितीवर चालेल हे विचारा. डिस्क कोणत्या प्रकारची ते विचारा. आणि हे सगळे पक्क्या बिलावर लिहून घ्या. ‘आय-फाइव्ह लॅपटॉप, १ नग’ असे बिल स्वीकारू नका. घरी आणल्यावर त्याच दिवशी टास्क मॅनेजरची सीपीयू आणि मेमरी ही दोन पाने उघडून बिलाशी ताडून बघा, फोटो काढून ठेवा. नाव किंवा काड्यांची संख्या जुळली नाही तर तक्रार खरी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध दाद मागता येते, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. त्याआधी बोलून बघायचे असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.